इंग्लंडच्या ग्रामीण भागात सहकुटुंब सुट्टी: चार ठिकाणांऐवजी एकच खोरे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे सहा जणांचे कुटुंब, म्हणजे पती-पत्नी, ११ आणि ६ वर्षांची दोन मुले आणि सत्तरीच्या आसपासचे सासू-सासरे, मेच्या अखेरीस लंडनला नणंदेकडे येणार आहे. लंडन पाहून झाल्यावर आठ दिवस हाती आहेत आणि त्यात कॉट्सवोल्ड्स, कॉर्नवॉल, लेक डिस्ट्रिक्ट व यॉर्कशर अशा चारही ठिकाणी दोन-दोन रात्री काढण्याचा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, घरात सगळे शाकाहारी आहेत, आणि गाडी भाड्याने घ्यावी की नाही, हे ठरत नाही.

मी यॉर्कशरमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांना अशा सुट्ट्या आखून देण्याचे काम बरीच वर्षे करते आहे. आधी स्पष्टच सांगते: चारपैकी तीन ठिकाणे कापून टाका. नकाशावर इंग्लंड लहान दिसते, पण कॉर्नवॉलच्या टोकापासून लेक डिस्ट्रिक्टपर्यंत जवळपास ४०० मैल अंतर आहे आणि ते आठ दिवसांत सहा माणसे व त्यांच्या बॅगा घेऊन कापायचे म्हटले, तर मुलांच्या आठवणीत फक्त मोटरवेवरची विश्रांतिस्थाने राहतील. त्यात इथल्या भाड्याच्या घरांचा शिरस्ता असा की, घर दुपारी तीन-चारनंतर ताब्यात मिळते आणि निघायच्या दिवशी सकाळी दहाला सोडावे लागते. दर दोन दिवसांनी घर बदलणाऱ्याचे मधले पाच-सहा तास प्रत्येक वेळी रस्त्यावर, गाडीत सामान आणि हातात सँडविच अशा अवस्थेत जातात. शिवाय गावाकडची बरीचशी घरे शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशी आठवड्यासाठीच दिली जातात. दोन रात्रींसाठी मिळाले, तरी दर चढा असतो.

वेळ वाचवणे हे एकच ठिकाण निवडण्यामागचे मुख्य कारण मात्र नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागात 'पाहण्याची स्थळे' अशी फारशी नसतातच, आणि जी आहेत ती अर्ध्या तासात पाहून होतात. तिथे आहे ते पायवाटांचे जाळे. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे १,४०,००० मैलांच्या सार्वजनिक वाटा आहेत, आणि त्या खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी कधी तर एखाद्याच्या अंगणाच्या कडेने जातात. जमीन शेतकऱ्याची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा, तोही कायद्याने. हा हक्क लोकांनी भांडून वाढवून घेतला आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर मँचेस्टर परिसरातल्या कामगारांनी मुद्दाम घुसखोरी केली, त्यांतल्या काहींना तुरुंगवासही झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २००० सालच्या कायद्याने डोंगरमाथ्यांवरचा मोठा प्रदेश पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळा झाला. ही राष्ट्रीय उद्याने ताडोबासारखी नाहीत. त्यांना दार नाही, तिकीट नाही, जिप्सी नाही. आत गावे आहेत, शाळा आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे 'उद्यान कुठून सुरू होते' असे विचारत फिरू नका. आपण राहू ते घरच उद्यानात असते.

आता कोणते खोरे निवडायचे. कॉट्सवोल्ड्सचे मधाच्या रंगाचे दगडी गाव सुंदर असते यात वाद नाही, आणि लंडनपासून ते जवळही आहे. पण त्याच कारणाने बिबरीसारख्या गावात बसच्या बस भरून माणसे उतरतात आणि एका गल्लीचा फोटो काढून निघून जातात. ते लंडनहून एका दिवसात करून टाकावे किंवा सोडून द्यावे. कॉर्नवॉलला समुद्र आहे, परंतु लंडनहून गाडीने पाच-सहा तास धरावे लागतात आणि सुट्टीच्या शनिवारी त्याहून जास्त. लेक डिस्ट्रिक्ट भव्य आहे, २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि आपल्या लोकांना ते सर्वांत आधी आठवते. तिथे गर्दी, पार्किंगची मारामार आणि पाऊस या तिन्ही गोष्टी जास्त. माझी शिफारस यॉर्कशर डेल्सची, म्हणजे यॉर्कशरच्या खोऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानाची आहे, आणि त्यातही वॉर्फ नदीच्या खोऱ्याची, म्हणजे ग्रासिंग्टन, लिंटन, बर्नसॉल, किल्न्सी हा पट्टा. स्किप्टन हे बाजाराचे गाव अर्ध्या तासाच्या आत आहे, तिथून लीड्सला रेल्वे आहे, चढ सौम्य आहेत, आणि नदीकाठाने सपाट चालता येते. सहा वर्षांचे मूल आणि दुखरे गुडघे एकाच वेळी सांभाळायचे असतील, तर नदीकाठासारखी सोय दुसरी नाही.

या खोऱ्याची खूण म्हणजे दगडी गडगे. कोकणात जांभ्याचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून बागेला गडगा घालतात, तसेच इथे राखाडी चुनखडीचे गडगे शेताशेतांतून थेट डोंगरमाथ्यापर्यंत गेलेले दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर बांधणी ध्यानात येते: आतल्या व बाहेरच्या बाजूला दोन वेगळे थर, मध्ये बारीक दगडांची भर, ठरावीक उंचीवर दोन्ही थरांना आरपार बांधून घेणारे लांब दगड, आणि माथ्यावर उभे लावलेले चपटे दगड. यांतले पुष्कळसे गडगे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, गावाची सामाईक गायराने कायद्याने वाटून कुंपणात घेतली गेली, त्या काळातले आहेत. मुलांना एवढे सांगितले की ती पुढे वाटेत प्रत्येक गडग्यात आरपार दगड शोधत चालतात आणि 'अजून किती लांब' हा प्रश्न बराच वेळ येत नाही. गडग्यावर चढू मात्र देऊ नका. एक दगड ढासळला की शेजारचे चार येतात आणि तो नीट करायला शेतकऱ्याचा अर्धा दिवस जातो.

तारखांच्या बाबतीत नशीब आपल्या बाजूचे आहे. इंग्लंडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, साधारण सहा आठवडे असते, आणि शाळा चालू असताना मुलांना फिरायला नेले, तर आई-वडिलांना दंड होतो. २०२४ पासून तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे. त्यामुळे सगळा देश त्याच सहा आठवड्यांत घराबाहेर पडतो आणि घरांची भाडी गगनाला भिडतात. महाराष्ट्रातल्या मुलांची सुट्टी मात्र जूनच्या मध्यापर्यंत असते. मेचा शेवटचा आठवडा इथेही शाळांना छोटी सुट्टी असते, तेवढा टाळा आणि जूनचे पहिले दोन आठवडे पकडा. कुरणे फुलांनी भरलेली असतात, गर्दी कमी असते, भाडे बरेच उतरलेले असते. नणंदेची मुले बरोबर हवीच असतील, तर मात्र मेचा तो शेवटचा आठवडाच घ्यावा लागेल आणि घर जानेवारीतच ठरवावे लागेल. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणून घर त्याआधी घेताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील, अशा अटीवरच घ्या. थोडे महाग पडले तरी चालेल.

जूनमधला दिवस किती मोठा असतो, याची कल्पना आधीच देऊन ठेवते. यॉर्कशरमध्ये सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो, संधिप्रकाश त्यानंतरही तासभर रेंगाळतो. रात्रीचे जेवण उरकून नदीवर जाता येते, हा फायदा; सहा वर्षांचे मूल 'अजून उजेड आहे' म्हणून झोपत नाही आणि पहाटे पाचला ताजेतवाने उठते, हा तोटा. निजायच्या खोलीला जाड पडदे आहेत का, हे घरमालकाला विचारा आणि नसतील, तर एक गडद चादर आणि कपड्यांचे चार चिमटे बरोबर ठेवा.

घर निवडताना फोटो पाहून भुलू नका. दोन-तीनशे वर्षांच्या जुन्या दगडी घराचे जे काही फोटोत मोहक दिसते, तेच सासू-सासऱ्यांना जाचते: अरुंद आणि खडा जिना, डोक्याला लागणारी तुळई, सगळ्या निजायच्या खोल्या वर आणि संडास एकच. म्हणून तळमजल्यावर एक निजायची खोली आणि त्याच मजल्यावर न्हाणीघर आहे का, हा पहिला प्रश्न. टबात पाय उंच उचलून उतरावे लागते की जमिनीलगत शॉवर आहे, हा दुसरा. गावातल्या दुकानापर्यंत पायी जाता येते का, हा तिसरा, कारण तसे असेल तर आजोबा रोज सकाळी वर्तमानपत्र आणि दूध आणायला स्वतःचे स्वतः जाऊ शकतात, आणि आठ दिवसांच्या सुट्टीत या स्वातंत्र्याचे मोल फार असते. मोबाइलला रेंज खोऱ्यात अनेक ठिकाणी मिळत नाही, तेव्हा घरात वायफाय आहे, याची खात्री करा. जुन्या घरांचे सांडपाणी बरेचदा स्वतःच्या टाकीत जाते, म्हणून संडासात ओले रुमाल टाकू नयेत, अशी पाटी असेल तर ती गांभीर्याने घ्या. एक प्लास्टिकचा मग पुण्याहून आणा. तो कोणत्याच कॉटेजमध्ये नसतो.

स्वयंपाकघराविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण शाकाहारी कुटुंबाची सुट्टी तिथेच जमते किंवा बिघडते. सामानात पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणचे आणावे. पेढे, बर्फी, साजूक तूप असे दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई आहे, ते विमानतळावर टाकून द्यावे लागतात. तूप, कणीक, डाळी, कढीपत्ता यांची चिंता नको. लीड्स आणि ब्रॅडफर्डमध्ये भारतीय किराणा मुबलक आहे, आणि कणीक-तूप आता मोठ्या सुपरमार्केटमध्येही असते. स्किप्टनला खरेदी करूनच खोऱ्यात शिरा. रविवारी मोठी दुकाने कायद्याने फक्त सहा तास उघडी असतात आणि गावातले दुकान संध्याकाळी लवकर बंद होते. इथल्या शेगड्या बऱ्याचदा सपाट काचेच्या, विजेच्या असतात. त्यांवर गोल बुडाची कढई बसत नाही. कुकर आणणार असाल, तर शेगडी इंडक्शनची आहे का, हे आधी विचारा, कारण अॅल्युमिनियमचा साधा कुकर तिच्यावर तापत नाही.

आणि फोडणी. प्रत्येक भाड्याच्या घरात धुराचा अलार्म असतो आणि तो मोहरी तडतडून मिरची पडली की हमखास वाजतो, तोही असा की शेजारच्या कुरणातल्या मेंढ्या मान वर करून पाहतात. फोडणी करण्यापूर्वी शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचे दार लावून घ्या, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. अलार्मची बॅटरी काढणे किंवा त्याला पिशवी बांधणे हा उपाय काही जण करतात; तो धोक्याचा आहे. लाकडी तुळयांच्या घरात तो अलार्म शोभेसाठी लावलेला नसतो.

बाहेर जेवताना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणजे अंडे धरून शाकाहारी. यॉर्कशर पुडिंग नावाचा जो फुगलेला खारा प्रकार रविवारच्या जेवणात येतो, त्यात अंडी असतात आणि तो परंपरेने गोमांसाच्या चरबीत भाजतात. अंडे चालत नसेल तर व्हीगन अशी खूण असलेले पदार्थ मागवावेत, त्यात दूधही नसते एवढेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: यॉर्कशरमधल्या अनेक चिप्सच्या, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडींच्या, दुकानांत तळणाला तेलाऐवजी गोमांसाची चरबी वापरतात आणि तसे अभिमानाने लिहिलेलेही असते. 'फक्त बटाट्याचे चिप्स आहेत' म्हणून निर्धास्त राहू नका. कशात तळले, हे विचारा. विचारलेले कोणालाही खटकत नाही. चीजच्या बाबतीतही लेबल वाचावे, कारण काही चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते. शाकाहारी विरजण वापरलेले असेल तर तसे छापलेले असते. पबमध्ये मुलांना घेऊन जेवायला जाणे इथे अगदी रीतीचे आहे. मात्र दुपारचे स्वयंपाकघर दोन-अडीचला आणि रात्रीचे साडेआठ-नऊला बंद होते, आणि आपली नऊ वाजताची भूक तिथे कोणी ऐकून घेत नाही.

प्रवासाचे म्हणाल तर लंडनहून गाडी चालवत येऊ नका. किंग्ज क्रॉसहून लीड्सला रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. चार मोठी माणसे आणि पाच वर्षांवरची दोन मुले यांच्यासाठी 'फॅमिली अँड फ्रेंड्स' रेलकार्ड जणू बेतूनच काढले आहे. मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश आणि मुलांच्या तिकिटावर ६० टक्के सवलत मिळते, आणि त्याची किंमत बहुधा एकाच प्रवासात वसूल होते. गाडी लीड्सला घ्या. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना ब्रिटनमध्ये १२ महिने गाडी चालवता येते, वाहतूक डाव्या बाजूनेच आहे, आणि त्यामुळे आपल्याकडच्या चालकाला दोन दिवसांत सराव होतो. भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. पतीचा परवाना आणि पत्नीचे कार्ड अशी जोडी काउंटरवर चालत नाही. सहा जणांसाठी सात आसनी गाडी घ्याल, तर एक बाब लक्षात ठेवा की तिसरी रांग उघडली की डिकीत दोन हातपिशव्यांपलीकडे काही मावत नाही. मोठ्या बॅगा नणंदेकडे ठेवून प्रत्येकी एक मऊ पिशवी आणा, नाहीतर दोन लहान गाड्या घ्या. १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर मुलांना खास आसन कायद्याने आवश्यक आहे; तेव्हा ११ वर्षांच्या मुलाची उंची घरीच मोजून घ्या.

खोऱ्यातले रस्ते हा वेगळा अनुभव आहे. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि अधूनमधून बाजूला थांबण्यासाठी रुंद केलेली जागा. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरपी पट्टी दिसली की अशा रस्त्यावर कमाल मर्यादा ताशी ६० मैल असते, पण तिथे ताशी २५ मैलांनी जाणेच शहाणपणाचे असते. समोरून गाडी आली तर ज्याला मोकळी जागा जवळ तो मागे घेतो, दुसरा हात वर करून आभार मानतो. हॉर्न वाजवणे भांडणाची सुरुवात समजतात. घोडेस्वार भेटले तर ताशी १० मैलांहून कमी वेगाने आणि दोन मीटर अंतर राखून पुढे जावे. गाडी नकोच असेल, तर स्किप्टन-ग्रासिंग्टन बस आहे आणि २०२५ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक बसप्रवासांना एका फेरीचे कमाल भाडे ३ पौंड आहे. परंतु सासूबाईंचा विचार करता गाडी असलेली बरी.

चालण्याचा भाग आता. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा, नारिंगी वेष्टणाचा कागदी नकाशा विकत घ्या. या भागासाठी ओएल २ क्रमांकाचा. त्यावर हिरव्या तुटक रेघांनी सार्वजनिक वाटा दाखवलेल्या असतात आणि चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, एवढे हिशोबाला पुरते. जमिनीवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा व सायकललाही मुभा. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती नकाशा द्या आणि त्यालाच वाट काढू द्या. गुडघ्यांच्या दृष्टीने खरा अडसर चढाचा नसून गडगा ओलांडण्याच्या पायऱ्यांचा आहे: गडग्यातच तीन-चार दगड बाहेर काढून केलेल्या पायऱ्या, किंवा एका माणसाने आडवे होऊन निसटावे अशी अरुंद फट. साडीत हे अवघड जाते. सासूबाईंना पँट किंवा सलवार सोयीची पडेल. अशा पायऱ्या नसलेल्या वाटांची 'माइल्स विदाउट स्टाइल्स' नावाची यादी राष्ट्रीय उद्यानाने केलेली आहे, ती आधी पाहून ठेवा.

गायींविषयी आपल्या लोकांना मुद्दाम सांगावे लागते. गाय दिसली की आपली मुले हात लावायला आणि मोठी माणसे नमस्कार करायला पुढे होतात. इथल्या कुरणातल्या गायींना माणसाच्या स्पर्शाची सवय नसते, आणि वासरू सोबत असेल तर त्या अंगावर येतात. अशा प्रसंगांत लोक जखमी होतात, क्वचित जीवही जातो. वासरू आणि गाय यांच्यामधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला, पळू नका. फाटक उघडे दिसले तर उघडेच ठेवा, लावलेले असेल तर लावून पुढे जा. जूनमध्ये वाटेच्या कडेला खाजरी नेटलची झाडे कमरेएवढी वाढलेली असतात, म्हणून मुलांना अर्धी चड्डी नको. संध्याकाळी घरी आल्यावर पायांवर, गुडघ्यांमागे गोचीड चिकटली नाही ना, हे पाहा. कपडे थरांचे असावेत. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, आणि वाऱ्यात छत्रीचा उपयोग शून्य, तेव्हा टोपीचे रेनकोट प्रत्येकाला हवेतच.

पहिल्या दिवशी घराबाहेरूनच सुरुवात करा. ग्रासिंग्टनहून लिंटनच्या धबधब्यावरून नदीकाठाने बर्नसॉलपर्यंत साधारण तीन-साडेतीन मैल आहेत, आणि वाटेत हेब्डनजवळ १८८५ साली गावच्या लोहाराने बांधलेला झुलता पूल लागतो, ज्याच्यावर मुले किमान चार वेळा ये-जा करतात. तुमच्यापैकी एकाने सासू-सासऱ्यांना गाडीने थेट बर्नसॉलला न्यावे. तिथे पुलापाशी हिरवळीवर बसून ते तुमची वाट पाहतील. सगळ्यांनी सगळे एकत्रच केले पाहिजे, हा हट्ट सोडला, की तीन पिढ्यांची सुट्टी सोपी होते. माल्हमलाही हेच सूत्र वापरता येते. गावातून माल्हम कोव्हच्या पायथ्यापर्यंत बांधलेली सोपी वाट आहे, आणि समोर सुमारे ८० मीटर उंचीचा चुनखडीचा उभा कडा. त्याच्या कपारींत बहिरी ससाणे घरटी करतात. दुर्बीण असेल तर आजोबांचा तासभर सहज जातो. मुलांना घेऊन तुम्ही बाजूच्या सुमारे ४०० पायऱ्या चढा. वर सपाट चुनखडी पाण्याने खोल चिरत गेलेली आहे, त्या भेगांत नेचे वाढतात, आणि एका शिळेवरून दुसरीवर उड्या मारण्याचा मोह मुलांनाच काय, मोठ्यांनाही आवरत नाही. ओल असेल तर मात्र आवरावा, घोटे तिथेच मुरगळतात.

बोल्टन अॅबेला बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष आहेत, नदी उथळ व वाळूची आहे आणि पात्रातून ओळीने मांडलेल्या दगडांवरून पलीकडे जाता येते. अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस द्या. तिथूनच वर स्ट्रिड नावाची जागा आहे, जिथे सगळी वॉर्फ नदी दोन-अडीच मीटरच्या फटीतून खोल घुसते. ती उडी मारून ओलांडता येईल असे वाटते, आणि त्या वाटण्यानेच माणसे बुडाली आहेत. मुलांचा हात धरूनच पाहा. एक दिवस उत्तरेला स्वेलडेलमधल्या म्यूकर गावासाठी ठेवा. रस्ता वळणांचा आणि लांब आहे, परंतु जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली चाऱ्याची कुरणे फुलांनी गच्च असतात. वाट फरसबंद, एका माणसापुरती आहे आणि सगळ्यांनी एकामागोमाग एक चालायचे, कारण तुडवलेले गवत शेतकऱ्याला कापता येत नाही.

पाऊस एक-दोन दिवस येणारच, तो धरूनच चाला. तापमान जूनमध्येही दुपारी १७-१८ अंशांच्या आसपास असते, आणि पावसात त्याहून कमी. अशा दिवशी सेटलहून कार्लाइलच्या रेल्वेत बसावे. १८७६ साली प्रवाशांसाठी सुरू झालेली ही रेल्वे १९८०च्या दशकात बंद पडणार होती, लोकांच्या चळवळीमुळे १९८९ साली ती वाचली; २४ कमानींचा रिबलहेडचा पूल खिडकीतून दिसतो आणि गुडघ्यांना काही त्रास नाही. स्किप्टनचा किल्ला छपरासकट शाबूत आहे, त्यामुळे तोही पावसात चालतो. स्किप्टनहून लीड्सच्या बाजूला रेल्वेने थोडे गेले की सॉल्टेर लागते. टायटस सॉल्ट या कापडगिरणीमालकाने कामगारांसाठी वसवलेले हे गाव २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १८५३ सालच्या गिरणीत आता चित्रदालन व पुस्तकांचे दुकान आहे. मुंबईच्या गिरणगावाची आठवण असलेल्या सासऱ्यांना तिथून लवकर बाहेर काढणे कठीण जाईल.

प्रवासविमा घ्याच, सत्तरीतल्या दोघांचा त्यांच्या जुन्या आजारांसकट. इंग्लंडमध्ये अपघात विभागातले तातडीचे उपचार पाहुण्यांनाही विनामूल्य मिळतात, पण दाखल करून घेतले की बिल सुरू होते आणि ते मोठे असते. साध्या सल्ल्यासाठी १११, आणीबाणीसाठी ९९९. डोंगरात अडकलात तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे. नेहमीची औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत.

निघायच्या दिवसाचे नियोजन आदल्या संध्याकाळीच करा, कारण सकाळी दहाला सफाईवाले दारात उभे असतात. भांडी धुऊन जागेवर, कचरा व पुनर्वापराच्या वस्तू वेगवेगळ्या पेट्यांत, फ्रिज रिकामा, किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत. लीड्सची गाडी दुपारची घ्या, म्हणजे मधल्या वेळात स्किप्टनच्या शनिवारच्या बाजारात तासभर मिळेल. पण मोबाइलवर पैसे घेणारे पार्किंग तिथे असते, तेव्हा ते अॅप लंडनला असतानाच उतरवून त्यात कार्ड नोंदवून ठेवा, नाहीतर भारतीय कार्डाचा ओटीपी नेमका रेंज नसलेल्या ठिकाणी येतो.